दोनशे साठ अक्षरांपलीकडे

“काका, शपथेवर सांगते, तिरप्या रेघा मी सगळ्या सांभाळल्या होत्या,” प्राची म्हणाली. हातातला चहा गार झाला होता, तरी ती तो ढवळतच होती.

“तिरप्या रेघांचं मी नावही काढलेलं नाही,” मी म्हटलं. “मी एवढंच विचारतोय, की त्या बाईंच्या सोळाशे फाइली गेल्या कुठे?”

हर्षवर्धनने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, आपला स्क्रीन माझ्याकडे वळवला. कालक्याजवळच्या पिंजौरच्या केंद्रातून आलेल्या तक्रारीखाली त्याने दोनच शब्द लिहिले होते, ‘यूजर एरर’, आणि तक्रार बंद करून टाकली होती.

“दामोदरजी, लॉग साफ है. मशीन ने पूछा, पुरानी जगह खाली कर दूँ? मैडम ने यस दबाया. इसमें हम क्या करें?”

हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. बावीस वर्षं मी सपोर्टमध्ये काढली आहेत. आपल्याला कारण सापडलं नाही, की ते समोरच्याच्या बोटांत शोधायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी सोय आहे. मीही तरुणपणी ती वापरली आहे, नाही असं नाही. पण आता ती पचत नाही.

आमचं ऑफिस सेक्टर चौतीसमध्ये, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. कानाच्या तपासणीचे चार्ट साठवून ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. बनवणारी सगळी पोरं लिनक्सवर किंवा मॅकवर काम करतात. विंडोजचं मशीन ऑफिसात एकच, पाण्याच्या कूलरशेजारी, आणि त्यापुढे मी. पोरं मला विंडोजवाले अंकल म्हणतात. गंमत अशी, की आमचं सॉफ्टवेअर घेतलेली कान तपासणीची चाळीसच्या चाळीस केंद्रं विंडोजच वापरतात, पण हे सांगितलं की सगळे हसतात आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात.

तिरप्या रेघांचा मामला एवढाच, की फाइलीपर्यंतची वाट कॉम्प्युटरला लिहून द्यावी लागते. या फोल्डरात जा, मग त्या फोल्डरात जा, असं. पोरांच्या मशीनवर दोन फोल्डरांच्या मधली रेघ एका बाजूला झुकते, विंडोजमध्ये दुसऱ्या. त्यांच्याकडे सगळ्या वाटा एकाच दारातून निघतात, आमच्याकडे सी, डी अशी वेगवेगळी दारं. प्राची मुळात यवतमाळची, हुशार आणि कामाला चोख. जुन्या फाइली नव्या जागी हलवणारा प्रोग्राम तिनेच लिहिला होता, आणि रेघा, दारं यांचं तिने खरोखरच सगळं पाहिलं होतं. एकोणचाळीस केंद्रांवर तो विनातक्रार चालला. पिंजौरला त्याने तीन हजार आठशे बारा फाइली हलवल्या, चुका शून्य असं लिहिलं आणि जुनी जागा रिकामी केली. केंद्राच्या रजिस्टरात मात्र पाच हजार चारशे एकतीस मुलांची नावं होती. १९९९ ते २००७ या वर्षांतलं एकही मूल नव्या जागी नव्हतं.

तिथे काम करणाऱ्या सरोज जगताप यांचा मला फोन आला होता. माझं शेवाळे हे आडनाव ऐकून त्या एकदम मराठीत आल्या. फाइली परत द्या, असं त्या म्हणाल्याच नाहीत.

“मला फक्त एवढंच सांगा,” त्या म्हणाल्या, “माझ्याच हातून झालं का? मतलब, मला काही आठवत नाही हो. हे सगळे म्हणतात माझंच बोट लागलं. असेलही. पण पक्कं कळलं तर बरं होईल.”

संस्थेचे सेक्रेटरी देवेंद्रजी यांनी त्यांच्याकडून माफीनामा लिहून घेतला होता. महिनाअखेरीपासून यायचं नाही, असंही ठरलं होतं. पंचवीस वर्षांपेक्षा जास्त काम केलेल्या बाईंना एवढंच हवं होतं, की जाताना आपण काय म्हणून जातोय ते कळावं. मला ते ऐकून रात्रभर चैन पडलं नाही.

“जाना है तो जाइए,” मी पिंजौरला जातो म्हटल्यावर हर्षवर्धन म्हणाला, “पर छुट्टी लगाकर.”

मी रजा टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी कालक्याच्या बसमध्ये बसलो, तर मनीमाजऱ्याच्या थांब्यावर प्राची चढली. कानटोपी, मफलर, पाठीवर लॅपटॉप. विचारल्याशिवायच शेजारी येऊन बसली.

“मी पण रजा टाकली,” ती म्हणाली. पंचकुला मागे पडलं. मग म्हणाली, “काका, माझ्याच कोडमध्ये निघालं तर?”

“निघालं तर निघालं.”

“तुमचं बरं आहे जी. निघालं तर निघालं! माझं प्रमोशन आहे मार्चमध्ये.”

“मग आलीस कशाला?”

ती खिडकीबाहेर पाहू लागली. धुक्यात बाहेर काही दिसतही नव्हतं. “झोप नाही आली बाप्पा,” ती म्हणाली. मला ती पोरगी त्या क्षणी फार आवडली.

पिंजौरच्या बाजारामागे केंद्राच्या दोन खोल्या होत्या. आतली खोली आवाज येऊ नये म्हणून भिंतींना जाड गाद्या ठोकून बंद केलेली, मध्ये एक काच. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर, कपाट आणि मुलांसाठी रंगीत खुर्च्या. सरोजताई साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, हाताने विणलेला स्वेटर घातलेल्या. वाईजवळच्या गावातून लग्न होऊन इथे आलेल्या. नवरा इथल्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरची मराठी कुटुंबं परत गेली. या राहिल्या, कारण तेव्हा केंद्रात दुसरं कुणी नव्हतं.

“चहा घ्याल ना? आलं घालू?” त्यांनी विचारलं. कॉम्प्युटरकडे त्यांनी पाहिलंही नाही.

माझी एक पद्धत आहे. कुणाच्याही मशीनला मी आधी हात लावत नाही. हात मांडीवर ठेवतो आणि म्हणतो, तुम्ही रोज करता तसं करून दाखवा. माणूस फाइली कशा ठेवतो हे पाहायला मला मनापासून आवडतं. कुणी सगळं डेस्कटॉपवर पसरतो, कुणी प्रत्येक गोष्टीला ‘न्यू फोल्डर’च म्हणतो. पण सरोजताईंसारखी मांडणी मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती.

त्या फाइलीला नाव देत नव्हत्या, हकिकत देत होत्या. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. नव्या जागी नीट पोचलेल्या फाइलींतली एक मी वाचली. ‘गुरमीत, आई बलजीत, वीटभट्टीमागे राहतात, उजव्या कानाने ढोल ऐकला आणि हसला.’

“एवढं लांब नाव?” प्राची म्हणाली.

“मग काय करू? पाच गुरमीत आहेत माझ्याकडे,” सरोजताई म्हणाल्या. “आई येते, म्हणते मेरे गुरमीत का निकालो. नुसत्या नंबरावरून मला तोंड आठवत नाही. ढोल म्हटलं की आठवतं.”

“आणि हे मराठीत का?”

त्या पहिल्यांदा हसल्या. “इथे कुणाला वाचता येत नाही ना! वाचता आलं नाही की कुणी हलवाहलवही करत नाही.”

मग त्यांनी जुन्या फाइलींची जागा दाखवली. केंद्रात आजवर पाच कॉम्प्युटर झाले होते. नवा आला की सरोजताई जुन्यातलं सगळं एका फोल्डरात भरून नव्यात ठेवायच्या. त्या जुन्यात त्याच्याही आधीचा कॉम्प्युटर होताच, त्यात त्याच्याही आधीचा. प्रत्येक फोल्डरावर पाटी. सगळ्यात बाहेर, ‘नवा यायच्या आधीचा कॉम्प्युटर, यातले काही पुसू नये, सरोज जगताप’. त्याच्या आत, ‘त्याच्या आधीचा काळा कॉम्प्युटर, दोनदा दुरुस्त केलेला, बघून हात लावावा’. त्याच्या आत, ‘पांढरा कॉम्प्युटर, कारखान्याने जाताना दिलेला, चांगला होता’. आणि सगळ्यात आत, ‘सगळ्यात पहिला, १९९९ ते २००७, यात लहान मुले आहेत, सांभाळून’.

ती शेवटची पाटी मी दोनदा वाचली.

“उघडा,” मी म्हटलं.

“तुम्हीच उघडा. मी नको.”

“तुम्ही रोज करता तसं.”

त्यांनी उघडलं. तीन फोल्डर उघडले, आत पुढचा फोल्डर सोडून सगळं रिकामं, कारण तिथल्या फाइली हलवून जागा साफ झाली होती. चौथ्यावर टिचकी मारताच इंग्रजीत पाटी आली, ही जागा सापडत नाही.

“हेच येतं,” त्या म्हणाल्या. “देवेंद्रजींनी पाहिलं, त्यांच्या भाच्याने पाहिलं. म्हणाले, सगळं गेलं.”

“सापडत नाही असं म्हणतंय,” मी म्हटलं, “गेलं असं नाही म्हणत.”

मला उगाच आशा लावायची नव्हती. म्हणून मी आधी डिस्क पाहिली. दिसणाऱ्या सगळ्या फाइलींची बेरीज करायला प्राचीला सांगितली. तिने दोनदा केली. डिस्क म्हणत होती तेवढी जागा त्या बेरजेत भरत नव्हती. चार्टांबरोबर मुलांच्या बोलण्याची रेकॉर्डिंगही असायची, ती बरीच जागा खातात. नऊ जीबीचं काहीतरी तिथे होतं, आणि कुणालाच दिसत नव्हतं.

प्राची खुर्ची ओढून स्क्रीनपाशी सरकली. त्या चार फोल्डरांची नावं तिने एका ओळीत लिहिली आणि बोटाने अक्षरं मोजायला लागली. लॅपटॉप जवळ असताना बोटाने. मी अडवलं नाही. मलाही तोवर कळलं होतं, पण ते तिचं तिला कळायला हवं होतं.

“दोनशे सत्तेचाळीस,” ती म्हणाली, “आणि ड्राइव्हपासून इथवरची वाट धरली तर दोनशे एकोणसत्तर. वर्षाचा फोल्डर, फाइलीचं नाव तर पुढेच. काका, विंडोजची मर्यादा किती?”

“पूर्ण वाट दोनशे साठ अक्षरांच्या आत हवी. जुना नियम आहे. उठवता येतो, पण इथे कोण उठवणार?”

“आमच्या लिनक्सवर चार हजार चालतात!” ती जवळजवळ ओरडलीच. “मी कधी मोजलंच नाही. मोजायचं असतं हेच माहीत नव्हतं.”

“काय झालं?” सरोजताईंनी विचारलं.

“एक मिनिट, मावशी,” प्राचीने त्यांना एकदम मावशी केलं होतं. तिने लॅपटॉप उघडून आपला प्रोग्राम काढला. दोनच ओळी वाचल्या आणि तोंडावर हात ठेवला. फाइली गोळा करताना एखाद्या फोल्डरात शिरता आलं नाही तर तिकडे दुर्लक्ष कर, असं तिने लिहिलं होतं. जुनी जागा साफ करतानाही तसंच, चूक आली तर दुर्लक्ष कर आणि पुढे जा. म्हणूनच चुका शून्य होत्या.

तिने त्या ओळी पुन्हा वाचल्या. ती आता रडणार, असं मला वाटलं. पण तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“काका,” ती म्हणाली, “ज्या फोल्डरात त्याला शिरताच आलं नाही, तिथल्या फाइली त्याने नेल्या नाहीत. बरोबर? मग त्या पुसायला तरी तो आत कसा शिरला असेल?”

“शाब्बास,” मी म्हटलं.

आता उघडायच्या कशा? नावं छोटी केली असती तर वाट आखूड झाली असती, पण त्या पाट्या बदलायला माझा हात होईना. विंडोजमध्ये एक जुनी आज्ञा आहे. अधल्यामधल्या एखाद्या फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर देता येतं, जणू तिथे घराला मागच्या बाजूने नवं दार काढलं. मग वाट त्या दारापासून मोजली जाते. मी तिसऱ्या फोल्डरला ‘एस’ हे अक्षर दिलं. कॉम्प्युटरमध्ये एस नावाचा ड्राइव्ह उगवला. त्यात एकच फोल्डर होता, लहान मुलांचा. मी टिचकी मारली.

वर्षांचे नऊ फोल्डर समोर आले. पहिल्या वर्षात शिरलो आणि नावांची रांग लागली. प्राचीने एकूण आकडा पाहिला. सोळाशे एकोणीस. एकही कमी नव्हती.

सरोजताई चष्मा पुसून स्क्रीनजवळ आल्या. पहिलंच नाव त्यांनी मोठ्याने वाचलं, “‘राजविंदर, आई नाही, आजोबा आणतात, सायकलची घंटी ऐकली.’ अच्छा... अरे, ही आता बँकेत आहे.” मग दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. दहा-बारा नावं त्या तशाच वाचत गेल्या. आम्ही ऐकत होतो.

“मावशी,” प्राची म्हणाली, “ही माझी चूक होती. तुम्ही यस दाबलंत ते बरोबरच होतं, मशीनने विचारलंच तसं होतं. फाइली न मोजता जागा साफ करणारा प्रोग्राम मी लिहिला.”

सरोजताईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या रागावतील, किंवा नेहमीप्रमाणे, असू दे गं, म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी चक्क प्रश्न विचारला.

“पण मग आधी उघडायच्या त्या?”

“हो. गेल्या वर्षी नवा कॉम्प्युटर आल्यावर तुम्ही सगळं उचलून अजून एका फोल्डरात ठेवलंत, तेव्हा वाट लांब झाली. त्यानंतर एवढं जुनं काही उघडायची वेळच आली नसेल.”

“नाही आली.” त्यांनी जरा विचार केला. “उचलून ठेवताना काही बोललं नाही ते. आणि काढताना म्हणतं सापडत नाही. गंमतच आहे. मग माझी नावं लांब झाली म्हणायची का?”

“नावं ठीक आहेत तुमची. मीच मोजायला हवं होतं.”

“मी आता छोटी देईन.”

“नका देऊ,” प्राची इतक्या जोरात म्हणाली, की त्या दचकल्याच. “मी बदलते ना माझं. नावं नका बदलू.”

तिने सगळ्या फाइलींच्या दोन प्रती काढल्या. दोन्ही वेळा मोजल्या. हर्षवर्धनला सविस्तर मेल लिहिली आणि पाठवण्याआधी मला दाखवलीसुद्धा नाही. मग म्हणाली, “देवेंद्रजींचा नंबर द्या. मीच बोलते.”

तिने फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. सरोजताई कपाटाशी उभ्या राहिल्या. प्राचीने हिंदीत सगळं नीट सांगितलं. चूक कंपनीची, त्यातही माझी, मॅडमची काहीही नाही, सगळा रेकॉर्ड सापडला आहे. एकही शब्द तिने गाळला नाही.

“अरे बेटा, कोई बात नहीं,” पलीकडून देवेंद्रजींचा मोकळा, प्रेमळ आवाज आला. “टेंशन मत लो. मशीन का काम है, हो जाता है. गलती तो किसी से भी हो सकती है. मिल गया ना? बस. सरोज मैडम को बोल दो, आती रहें.”

फोन बंद झाला. प्राची हसून मागे वळली.

“मला नव्हते असं म्हणाले,” सरोजताई म्हणाल्या.

आवाजात तक्रार नव्हती. थंडी वाढली आहे असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. प्राचीचं हसू तिथेच राहिलं. मला इतकी लाज वाटली, की मी खाली पाहिलं. ‘यूजर एरर’ या दोन शब्दांखाली मीही कधीकाळी किती जणांच्या तक्रारी बंद करून टाकल्या असतील, कोण जाणे.

“पण मग तुम्ही येत राहणार ना?” प्राचीने हळूच विचारलं.

“महिनाअखेरपर्यंत येईन,” त्या म्हणाल्या. “नवीन मुलगी येणार आहे, लीना म्हणून, तिला ही नावं वाचायला शिकवेन. मराठी नाही येत तिला, पण शिकेल. मग जाईन. आता जायला बरं वाटेल.”

दारात एक बाई चार-पाच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन उभी राहिली. त्यांना तपासणीसाठी साडेतीनची वेळ दिलेली होती. सरोजताईंनी मुलीचा हात धरून तिला आतल्या खोलीत नेलं. आम्हाला म्हणाल्या, “बाहेर बसा आणि बोलू नका. टेस्ट चालू आहे.” दार लावलं आणि दारावरचा लाल दिवा पेटला.

काचेतून आत दिसत होतं. मुलीच्या कानांवर मोठे हेडफोन, ते सारखे घसरत होते. सरोजताईंनी पुठ्ठ्याचा एक तुकडा आपल्या तोंडासमोर आडवा धरला. आवाज ऐकू आला की मुलाने हात वर करायचा असतो, पण मुलं ओठ पाहूनच तो वर करतात, आणि मग त्यांना ऐकू आलं की नाही ते कळत नाही, म्हणून. मुलगी त्या पुठ्ठ्याकडे टक लावून बघत होती. बराच वेळ काही झालं नाही. बाहेरच्या बाकावर तिच्या आईने ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं, शेजारी प्राची काचेकडे झुकून बसली होती. मग आत मुलीने हात वर केला, आणि सरोजताईंनी पुठ्ठा न हलवता कागदावर खूण केली.